सायलेन्सर आतून कुजतो: मुंबईत पहिली गाडी घेतलेल्यांसाठी

मार्चमध्ये भाच्यानं जुनी गाडी घेतली. सीएनजीवर चालणारी, दहा वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक. घेण्याआधी त्यानं टायर पाहिले, एसी लावून पाहिला, दारं उघडमिट केली, कागद तपासले. गुडघे टेकून खाली मात्र पाहिलं नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडून गेला आणि चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, गाडीचा ट्रॅक्टर झालाय. सोसायटीत शिरलो तर माणसं गॅलरीत आली."

सायलेन्सर फाटला होता. बाहेरून डबा बरा दिसत होता, पण अंगठ्यानं दाबल्यावर तळाचा पत्रा पापडासारखा मोडला. भाच्याचा सगळा राग पावसावर. पावसाचा हात होताच, पण तो पत्रा खाल्ला होता आतल्या पाण्यानं, आणि ते पाणी त्याची गाडीच रोज तयार करत होती. हे त्याला पटवताना जे जे सांगावं लागलं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. ज्यांनी कधी पाना हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी आहे.

एक शब्दाचं आधी. अमेरिकी पुस्तकात याला मफलर म्हणतात. मुंबईतल्या गॅरेजात मफलर म्हणालात तर मिस्त्री तुमच्या गळ्याकडे बघेल. इथे सगळे सायलेन्सरच म्हणतात. कधी नुसता डब्याला, कधी पुढपासून मागपर्यंतच्या अख्ख्या पाइपाला. त्यामुळे "सायलेन्सर गेलाय" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: डबा गेलाय की पाइप?

आवाज येतो कुठून

सिलिंडरमध्ये इंधन जळतं, पिस्टन खाली ढकलला जातो आणि मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका गॅस बाहेर सोडणारी झडप, उघडतो. त्या क्षणी आत उरलेल्या गॅसचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. गॅस पाइपात शिरतो तो झुळकीसारखा नाही, थपडेसारखा. कुकरची शिटी चमच्यानं उचलली की जो फुत्कार निघतो, तसला एक फुत्कार, दर वेळी व्हॉल्व्ह उघडला की.

आता मोजा. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोन थपडा मारतं. गाडी सिग्नलला ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, उभी असते तेव्हा मिनिटाला १६००, म्हणजे सेकंदाला सुमारे २७. फ्रीवेवर ३००० आरपीएमला सेकंदाला १००. कानाला या थपडा सुट्या ऐकू येत नाहीत, त्यांचा एक जाड सूर होतो. तीन सिलिंडरच्या गाड्यांत त्याच वेगाला ७५ पडतात, म्हणून त्यांचा सूर वेगळा आणि थोडा घोगरा.

सायलेन्सर नसेल तर हा सूर जसाच्या तसा रस्त्यावर येतो. कारखान्याच्या आणि बोटींच्या इंजिनांनी हे लोकांना मोटारगाडीच्या आधीच ऐकवलं होतं. अमेरिकेत इंडियानातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांना एक्झॉस्ट मफलरचं पेटंट मिळालं ते १८९७ साली.

डब्यात काय असतं

बहुतेकांना वाटतं की डब्यात कापूस कोंबलेला असतो आणि तो आवाज अडवतो. काही डब्यांत तसं काहीतरी असतंही: भोकं पाडलेला सरळ पाइप आणि भोवती काचतंतूंचं किंवा पोलादी तंतूंचं भरण. चिरक्या, वरच्या पट्टीतल्या आवाजाला ते चांगलं. पण आपल्या रोजच्या गाडीचा डबा मुख्यतः रिकाम्या खोल्यांचा असतो, आणि खरी गंमत त्यातच आहे.

दादरला लोकल लागते तेव्हा पुलावर काय होतं आठवा. डब्यांतून एकदम माणसांचा लोंढा येतो, जिन्यावर चेंगरतो, पुलावर पसरतो, पलीकडच्या जिन्यानं उतरतो आणि रस्त्यावर येईपर्यंत त्याचा सलग ओघ झालेला असतो. पुढची लोकल, पुढचा लोंढा, पण बाहेर उभ्या असलेल्या वडापाववाल्याला गाड्यांचं वेळापत्रक जाणवत नाही. सायलेन्सरच्या खोल्या गॅसच्या थपडांचं तेच करतात. अरुंद पाइपातून गॅस अचानक मोठ्या खोलीत येतो, फुगतो, मंदावतो, मग दुसऱ्या पाइपानं पुढच्या खोलीत जातो.

उपमा इथपर्यंतच चालते, कारण माणसं एकमेकांना खोडून काढत नाहीत. ध्वनिलहरी काढतात. खोलीच्या भिंतीवर आपटून परतणारी लहर आणि नवी येणारी लहर यांची मापं बरोबर जुळली, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसतो आणि दोघी विरतात. खोल्यांची लांबी, आडव्या पडद्यांची जागा, पाइपांवरची भोकं, हे सगळं त्या जुळणीसाठी ठरवलेलं असतं. डबा उघडून पाहिला तर भंगार वाटेल, पण तो एक मोजूनमापून केलेला चक्रव्यूह आहे.

जड आवाज मारणं सगळ्यात अवघड. साधारण ४०० अंश तापलेल्या गॅसमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या वर जातो. त्यात सेकंदाला १०० कंपनांच्या सुराची एक लहर पाच मीटरहून लांब भरते, म्हणजे तुमच्या चार मीटरच्या गाडीपेक्षा मोठी! ती डब्यात मावायची कशी? त्यासाठी युक्ती आहे बाटलीची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच ठरलेल्या सुरात घुमते. तशीच अरुंद मानेची एक खोली पाइपाला बाजूनं जोडायची. तिचा ठरलेला सूर पाइपातून आला की खोलीतली हवा उलट्या तालात डोलते आणि नेमका तोच सूर गिळते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं ही रचना ओळखली जाते. काही गाड्यांत मधल्या भागात जो दुसरा छोटा डबा असतो, म्हणजे रेझोनेटर, त्याचं काम ठरावीक आरपीएमला येणारी घरघर मारणं.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की बाजारातला स्वस्त डबा आणि मूळ डबा बाहेरून जुळे भाऊ दिसतात. फरक आतल्या खोल्यांत असतो. त्याकडे पुढे येऊच.

पाणी

पेट्रोल, डिझेल, सीएनजी, काहीही जाळा, त्यातला हायड्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानानं एक लिटर पाणी तयार होतं. तापलेल्या पाइपातून ते वाफ होऊन निघून जातं. पण सकाळी डबा गार असतो, वाफ आत थंडावते आणि तळाला थेंब साचतात. त्यात गॅसमधली आम्लं विरघळतात. असं आंबट पाणी पत्र्यावर रात्रभर बसलं की पत्रा आतून जातो.

सीएनजीत हे जास्त होतं. मिथेनमध्ये कार्बनच्या मानानं हायड्रोजन भरपूर, त्यामुळे एक किलो सीएनजी जळला की सव्वादोन किलोच्या आसपास पाणी निघतं. तेवढ्याच कामासाठी पेट्रोलपेक्षा साधारण दीडपट. इंधनाचा पैसा वाचतो, डबा लवकर कुजतो. मुंबईत सीएनजी गाड्या भरपूर, आणि त्यांचे मालक दर तीन-चार वर्षांनी सायलेन्सरच्या कंपनीला शिव्या का देतात, ते यातून कळावं.

त्यात आपलं गाडी वापरणं. प्रभादेवीहून दादरला भाजी, दादरहून परत; आठ मिनिटं जायला, दहा मिनिटं यायला. एवढ्यात इंजिन गरम होतं, पण सगळ्यात मागे असलेला डबा पाणी उडवून लावण्याइतका तापतच नाही. महिनाभर रोज थोडं थोडं पाणी साठत राहतं. हायब्रिड गाड्यांत इंजिन मधूनमधून बंद असतं, म्हणून त्यांचंही हेच. शिवाय बाहेरून समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. वरळी सी फेस किंवा वर्सोव्याला उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी हे दुप्पट गांभीर्यानं घ्यावं.

बऱ्याच डब्यांच्या तळाशी, सगळ्यात खोल जागी, मोठ्या टाचणीच्या डोक्याएवढं एक छोटं भोक कारखान्यातूनच पाडलेलं असतं. पाणी निथळायला. त्यातून थेंब गळला, थोडी वाफ दिसली, तर ते बिघाड नाही. हे भोक लक्षात ठेवा.

पायरी १: रविवारी सकाळी खाली वाका

गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, म्हणजे सगळं गार असेल. चाललेल्या गाडीचा पाइप हात भाजून काढतो, आणि पुढचा मनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला गॅस गोळा करणारा इंजिनाजवळचा पाइप, तर त्याच्या कितीतरी पट गरम असतो. जमिनीवर जुनी सतरंजी टाका, मोबाईलचा टॉर्च घ्या, मागून पुढे बघत चला. गाडीखाली शिरायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर अजिबातच नाही. जॅक सरकला की वाचवायला वेळ मिळत नाही. नीट बघायचं असेल तर गॅरेजच्या लिफ्टवर किंवा खड्ड्यावर गाडी चढवून घ्या, मिस्त्री नाही म्हणत नाही.

मागून पुढे क्रम असा दिसेल: शेपटाचा पाइप, मग मोठा डबा, मग लांब पाइप, काही गाड्यांत रेझोनेटर, मग जाळीचा लवचिक तुकडा ज्याला गॅरेजात फ्लेक्सिबल म्हणतात, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गॅरेजात नुसता कॅट), आणि इंजिनाला चिकटलेला मनिफोल्ड. नव्या गाड्यांत कॅट इंजिनाच्या अगदी जवळ वर असतो, खालून दिसेलच असं नाही. १ एप्रिल १९९५ पासून देशातल्या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि मुंबई त्यातली एक. त्याचं काम आवाजाचं नाही, विषारी वायू मोडण्याचं. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, म्हणून काही गाड्यांचे, विशेषतः मारुती ईकोचे, सायलेन्सर रात्रीत कापून नेणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या येत असतात. सकाळी गाडी सुरू केली आणि एकदम कानठळ्या बसल्या, तर गंजाच्या आधी चोरीचा संशय घ्या.

बघायचं काय? वरवरचा तपकिरी गंज चालतो. फुगलेला, पापुद्रे सुटलेला गंज चालत नाही. जोडांजवळ काळी काजळी दिसली म्हणजे तिथून गॅस निसटतोय. डबा ज्या रबरांवर लटकतो ती बोटानं ओढून पाहा. तडे गेले असतील तर बदला. ही रबरं स्वस्त आहेत, पण एक तुटलं की डब्याचं वजन पाइपाच्या वेल्डिंगवर येतं आणि महिन्याभरात तेही तुटतं. मग हत्याराच्या लाकडी मुठीनं डब्यावर हलके ठोका. धड पत्रा टणकन बोलतो, कुजलेला भद् करतो. आत काहीतरी खुळखुळलं तर पडदा सुटलाय.

पायरी २: कान लावा

आवाजावरून जागा ओळखणं ही या कामातली खरी विद्या, आणि ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे.

सकाळी गार इंजिनावर बॉनेटकडून टिकटिक येते आणि पाच-दहा मिनिटांत थांबते? मनिफोल्डचं गॅस्केट, म्हणजे जोडातली फट बुजवणारी चकती, गेलंय किंवा मनिफोल्डला बारीक तडा. धातू तापून फुगतो, फट बुजते, आवाज जातो. लोक म्हणतात, "गाडी गरम झाली की नीट होते," आणि दोन वर्षं तशीच चालवतात.

पायाखालून फुरफुर येते आणि अॅक्सिलरेटर दाबला की वाढते? बहुधा फ्लेक्सिबल. आपल्या स्पीडब्रेकरांवर घासून त्याची जाळी फाटते.

मागून भरड, जाड फटफट? डबा किंवा त्याच्या तोंडाजवळचा जोड. भाच्याचा ट्रॅक्टर तो हाच.

सिग्नलला उभं असताना पत्र्याचा झंकार, आणि गाडी निघाली की गायब? बऱ्याचदा तो सायलेन्सर नसतोच. पाइपाच्या वर उष्णता अडवायला पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, असतो; त्याचा बोल्ट गंजून सुटलेला असतो. एका मोठ्या वॉशरनं भागणारं काम. याच आवाजावर मला एकदा एका गॅरेजनं अख्खा सायलेन्सर बदलायला लावला होता. नवा बसला, झंकार तसाच राहिला.

आणि एक उलटा प्रकार: आवाज कमी, पण गाडी चढावर उचलत नाही, शेपटाशी हात धरला तर फुंकर जेमतेम. आतला पडदा कोसळून किंवा कॅट वितळून वाट बंद झालीये. हा आवाजाचा नाही, इंजिनाचा जीव घुसमटवणारा बिघाड आहे. थांबू नका.

ऐकण्यासाठी जागा निवडा. लांब कंपाउंड भिंतीच्या कडेनं काच खाली करून हळू जा, भिंत तुमच्या गाडीचा आवाज परत देते. कोस्टल रोडचा दोन किलोमीटरचा बोगदा रविवारी पहाटे मोकळा असतो. तिथे काच उतरवली की गाडी आपलं सगळं दुखणं सांगते.

पायरी ३: फडक्याची परीक्षा

याला दोन माणसं हवीत आणि मोकळी हवा हवी. तळघरातल्या पार्किंगमध्ये करायचं नाही. गार इंजिन सुरू करा, न्यूट्रल, हँडब्रेक. एकानं जाड हातमोजे घालून जाड फडक्याची घडी शेपटाच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद दाबायची. गळती नसेल तर हाताला दाब जाणवतो, इंजिन कण्हतं. गळती असेल तर दाब जमतच नाही आणि कुठूनतरी फुस्स ऐकू येतं. दुसऱ्यानं त्या दिशेला टॉर्च मारायचा. नेमकी जागा सापडत नसेल तर साबणाचं पाणी ब्रशनं जोडांवर लावा, बुडबुडे पत्ता सांगतात. पाण्याच्या त्या कारखानी भोकातूनही थोडं फुसफुसेल, ते सोडून द्या.

हे आवाजापुरतं नाही

"आवाजच येतो ना, चालतंय" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली पैशाची. इंजिन आणि ऑक्सिजन सेन्सर (पाइपातल्या गॅसमधला ऑक्सिजन मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा) यांच्या मध्ये गळती असेल, तर गॅस बाहेर जातोच, पण दोन थपडांच्या मधल्या क्षणी पाइपात दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला, म्हणजे इंधन कमी पडतंय. कॉम्प्युटर जास्त इंधन सोडतो. मायलेज घसरतं, आणि तुम्ही पंपवाल्यावर संशय घेता.

दुसरी जिवाची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट धरतो. पाइप गाडीच्या तळाखालून जातो आणि तळाला रबराच्या बुचांची, वायरींची, गंजाची भोकं असतात. कॅबिनमध्ये डोकं जड होणं, मळमळ, जांभया, आणि गाडीतून उतरल्यावर बरं वाटणं, ही साखळी दिसली तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, उतरा. पाइप दुरुस्त होईपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका. सायलेन्सर नवाकोरा असला तरी बंद गॅरेजात किंवा तळघरात एसी लावून गाडीत झोपायचं नाही.

पायरी ४: गॅरेजमध्ये

आधी ठरवा: ठिगळ की नवा. भोक एकच आहे, भोवतालचा पत्रा ठोकल्यावर टणक बोलतोय, तर ठिगळ वेल्ड करून घ्या. वर्ष-दोन वर्षं निघतील. डबा आतून कुजलाय तर ठिगळाच्या बाजूला पुढच्या महिन्यात नवं भोक पडतं, कारण पातळ पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेनं जळून जातो. नळाच्या गळतीला लावतो ते एम-सील इथे लावू नका, तापल्यावर ते टिकत नाही. सायलेन्सरची वेगळी पेस्ट आणि पट्टी मिळते, ती गॅरेज गाठण्यापुरती.

गाडीवरच वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला सांगा. इलेक्ट्रिक वेल्डिंगचा करंट कॉम्प्युटरला घातक ठरू शकतो. चांगला मिस्त्री न सांगता काढतो. जो म्हणतो "काही होत नाही," त्याच्याकडे काही झाल्यावरचा उपाय नसतो.

नवा घ्यायचा तर मूळ कंपनीचा की बाजारातला? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात सगळं मिळतं: नवं, जुनं, नव्यासारखं रंगवलेलं जुनं. माझी परीक्षा साधी आहे. दोन्ही डबे हातात घ्या. ज्यात खोल्या, पडदे, भोकांचे पाइप आहेत तो जड असतो. हलका डबा म्हणजे रिकामं पिंप. पहिला आठवडा बरा वाटतो, मग हायवेवर एका ठरावीक वेगाला डोक्यात घूं सुरू होतं. चुंबक जवळ ठेवा. त्याला चिकटला म्हणजे वाईट असं नाही; कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं ४०९ दर्जाचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, ३०४ जवळजवळ चिकटत नाही. पण दुकानदार "शुद्ध ३०४ आहे साहेब" म्हणत असेल आणि चुंबक खटकन बसला, तर भाव कुठून सुरू करायचा ते तुम्हाला कळलं. चंदेरी रंग फासलेला साधा पत्रा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर जाणारा.

जोडताना गॅस्केट नवंच, रबरं नवी, बोल्ट नवे. जुनं गॅस्केट "चांगलं आहे" असं कुणी म्हणालं तर हसून नवं काढायला सांगा. सेन्सरची वायर पाइपाला टेकत नाही ना, पाहा. जुना डबा परत मागा किंवा निदान डोळ्यांनी बघा. पहिल्या दिवशी नव्या पाइपावरचं तेल आणि रंग जळून धूर येतो, घाबरू नका. पंधरा दिवसांनी क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या.

आवाज वाढवायचा असेल तर

भाच्यानं हेही विचारलं: "डबा काढून सरळ पाइप टाकला तर पिकअप वाढतो ना?" रोजच्या गाडीत जाणवेल असं काही वाढत नाही. आवाज वाढतो, आणि कान मेंदूला सांगतात की गाडी पळतेय.

कायद्याचं मात्र स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात येतात, ते बहुतेक फटाके फोडणाऱ्या बुलेटचे. पण कलम चारचाकीलाही तेच.

पीयूसीवर, म्हणजे प्रदूषण चाचणीवर, विसंबू नका. तिथे गॅस मोजतात, आवाज नाही. फुटलेल्या पाइपात बाहेरची हवा मिसळून आकडे भलतेच येतात.

आणि परळला केईएम, टाटा या रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र. तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. आपण राहतो त्या निवासी भागात रात्री ४५. डेसिबलचा हिशेब साधा नसतो: १० नी वाढला म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट. फाटक्या सायलेन्सरची एक गाडी रात्री साडेदहाला माणसं गॅलरीत आणते ती उगाच नाही.

पायरी ५: पावसाळ्यात

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे: पाणी भरलेलं दिसलं की गाडी वळवा. शेपट बुडेल एवढ्या पाण्यात अडकलातच, तर पहिला गिअर, अॅक्सिलरेटर सोडायचा नाही, एकसारखा हळू वेग. जोवर इंजिन चालू आहे तोवर गॅसचा दाब पाणी बाहेर ढकलतो. इंजिन बंद पडलं की पाणी उलट्या वाटेनं डब्यात भरतं, आणि तापलेल्या कॅटपर्यंत पोचलं तर आतलं सिरॅमिक तडकतं. बंद पडलेली गाडी पाण्यात पुन्हा सुरू करू नका; समोरून हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर एका स्टार्टरमध्ये कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकतो. आणि पाणी चढत असेल तर गाडी सोडून बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा काही माणसं काचा लावून आतच थांबली आणि गुदमरून गेली.

बाकी पावसाळाभर एवढंच करा: आठवड्यातून एकदा गाडीला अर्धा तास मोकळा रस्ता द्या. ईस्टर्न फ्रीवेनं चेंबूर आणि परत, एवढ्यात डबा आतून कोरडा होतो. परतल्यावर शेपटातून पाणी टपकणं बंद झालेलं दिसेल.

भाच्याच्या गाडीला नवा डबा बसला, जड, मूळ कंपनीचा. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. गाडी लिफ्टवरून उतरवताना मी सवयीनं खाली टॉर्च मारला, तर तळाशी वेल्डिंगचा एक ताजा, चमकता ठिपका.

"ते बारीक होल होतं साहेब, कंपनीचा डिफेक्ट," मिस्त्री म्हणाला. "बंद करून दिलं. त्याचे पैसे नाही लावले."

ड्रिल मागवलं आणि भाच्याच्याच हातानं ते पुन्हा पाडून घेतलं.